पुरस्कार भूमिकेला द्यायचा की माणसाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते शाहरुख खानला बेस्ट अ‍ॅक्टरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'जवान'साठी, आणि '१२वी फेल'च्या विक्रांत मेस्सीबरोबर विभागून. ऑगस्टमध्ये नावं जाहीर झाली तेव्हापासूनच जिकडे तिकडे भांडणं सुरू होती. एक पार्टी म्हणत होती तेहतीस वर्षं काम केलंय माणसाने, इतका उशीर झाला हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. दुसरी पार्टी म्हणत होती मसाला सिनेमाला कसला आलाय राष्ट्रीय पुरस्कार. मी दोन्हीकडचं बरंच वाचलं आणि मला वाईट याचं वाटलं की एवढ्या सगळ्या राड्यात 'जवान'मध्ये त्याने नक्की काय काम केलंय यावर कोणी बोलतच नव्हतं. बाप आणि मुलगा असा डबल रोल आहे, दोघांची चाल वेगळी आहे का, आवाज वेगळा लावलाय का, म्हाताऱ्या विक्रम राठोडची स्मृती गेलीय तर ते डोळ्यात कुठे दिसतं का, हे कोणाला पडलेलंच नव्हतं. सगळी चर्चा माणसाची.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभिनयाचा पुरस्कार हा त्या वर्षीच्या, त्या सिनेमातल्या, त्या एका भूमिकेला असतो. माणूस किती मोठा आहे, किती वर्षं राबलाय, लोकांचा किती लाडका आहे, आधी कधी त्याच्यावर अन्याय झालाय का, हे सगळं दाराबाहेर ठेवून मग खोलीत बसायचं. कारकिर्दीसाठी आपल्याकडे दादासाहेब फाळके पुरस्कार आहेच की. १९६९ पासून आहे, देविका राणींपासून सुरुवात झाली, आणि त्याच सप्टेंबरच्या सोहळ्यात तो मोहनलालना दिला गेला. म्हणजे आयुष्यभराच्या कामाचा मान कसा करायचा हे सरकारला माहितीये, त्यासाठी वेगळी जागाच ठेवलीय, मग बेस्ट अ‍ॅक्टरच्या पुरस्कारावर ते ओझं कशाला टाकायचं?

शाहरुखचंच उदाहरण पुढे नेतो, कारण मी त्याचा फॅन आहे आणि मला यात खरंच जीव तुटून बोलावंसं वाटतं. २००४ चा 'स्वदेस' आठवा. मोहन भार्गव गावातलं एक काम उरकून ट्रेनने परत येतोय, एका छोट्या स्टेशनवर गाडी थांबते, एक लहान पोरगा मातीच्या कुल्हडमधून पाणी विकतोय, पंचवीस पैशाला. हा माणूस तोपर्यंत बाटलीतलंच पाणी पितोय, अख्ख्या सिनेमात ती बाटली त्याच्याबरोबर आहे. तो त्या पोराकडून कुल्हड घेतो आणि पितो. डायलॉग जवळजवळ नाहीच. हात पसरलेले नाहीत, भुवया थरथरत नाहीत, शाहरुखच्या ज्या ज्या सवयींची लोक नक्कल करतात त्यातली एकही तिथे दिसत नाही, फक्त डोळे भरून येतात आणि ते लपवायची जरा धडपड. (त्यातलं चरणपूर गाव म्हणजे आपलं वाईजवळचं मेणवली, तिथला घाट बघायला अजून लोक जातात.) त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार गेला सैफ अली खानला, 'हम तुम'साठी, आणि त्या वेळी सेन्सॉर बोर्डाच्या अध्यक्ष शर्मिला टागोर होत्या, म्हणजे त्याच्या आई, म्हणून त्यावर खूप बोललं गेलं. फिल्मफेअरने मात्र 'स्वदेस'साठी शाहरुखला दिला होता आणि २००७ च्या 'चक दे'साठी पण दिला. गंमत बघा, ज्याला आपण पॉप्युलर अवॉर्ड म्हणून बाजूला सारतो त्याला ती भूमिका दिसली, आणि ज्याला आपण दर्जाचं माप समजतो त्याला दिसली नाही.

आणि मग एकोणीस वर्षांनी 'जवान'. मला 'जवान' थिएटरमध्ये बघायला मजा आली, शिट्ट्या वाजल्या, मी पण वाजवल्या, पण कोणी मला विचारलं की त्याच्या पहिल्या पाचात ही भूमिका येते का, तर मी नाही म्हणेन. पुरस्कार मिळाल्याचा आनंद मला झाला आणि तो चुकीच्या सिनेमासाठी मिळाल्याचं दुःख पण झालं. ही जुनी उधारी फेडल्यासारखी वाटली, आणि ज्या वर्षी जुनी उधारी फेडली जाते त्या वर्षीच्या कुणाचा तरी हक्काचा घास जातो हे आपण विसरतो. इथे तर विभागून दिला म्हणून विक्रांत मेस्सी वाचला. एरवी तो पण गेला असता.

हे एकट्या शाहरुखचं नाही. सौमित्र चॅटर्जींचं बघा. 'अपूर संसार' १९५९ चा. राष्ट्रीय पुरस्कारात अभिनयाची बक्षिसं सुरूच झाली १९६७ च्या सिनेमांपासून, पहिल्या वर्षी उत्तम कुमार आणि नर्गिस, त्यामुळे आधीचं सोडून देऊ. पण तेव्हापासून धरलं तरी सौमित्रदांना बेस्ट अ‍ॅक्टर मिळाला तो २००६ च्या 'पदक्षेप'साठी, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. मध्ये २००१ मध्ये त्यांना ज्युरीचा स्पेशल पुरस्कार देऊ केला तर त्यांनी तो नाकारला. माझ्या मते बरोबर केलं. आणि अमिताभ? 'अग्निपथ', 'ब्लॅक', 'पा', 'पिकू', चार वेळा बेस्ट अ‍ॅक्टर. 'दीवार'च्या वेळी मात्र नाही. 'दीवार'च्या मंदिरातल्या सीनवर एक पिढी वाढली आणि त्याला राष्ट्रीय पण नाही आणि फिल्मफेअर पण नाही, फिल्मफेअर त्या वर्षी संजीव कुमारला 'आँधी'साठी मिळाला. आता 'आँधी'तलं संजीव कुमारचं काम कमी दर्जाचं होतं असं कोण म्हणेल? मी तर नाहीच म्हणणार. त्यावर रात्रभर वाद घालता येईल आणि तो वाद चांगला वाद असेल, कारण तो दोन भूमिकांबद्दल असेल.

इथे मला ज्युरीबद्दल बोलायचंय, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. 'जवान'ला पुरस्कार देणाऱ्या फीचर फिल्म ज्युरीचे अध्यक्ष होते आशुतोष गोवारीकर, म्हणजे 'स्वदेस'चेच दिग्दर्शक. २०१६ च्या सिनेमांसाठी अक्षय कुमारला 'रुस्तम'चा पुरस्कार मिळाला तेव्हा ज्युरीचे अध्यक्ष प्रियदर्शन होते, ज्यांनी अक्षयबरोबर कितीतरी सिनेमे केलेत. मी कोणावरही आरोप करत नाहीये, अजिबात नाही. ही इंडस्ट्री एवढी लहान आहे की ज्याला अभिनय कळतो अशा कोणत्याही माणसाला अध्यक्ष करा, त्याने यादीतल्या अर्ध्या लोकांबरोबर काम केलेलं असणारच, आणि काम न केलेला माणूस आणायचा तर त्याला सेटवरचं काही कळणार नाही. म्हणजे ओळखी असणार हे धरून चालायचं. मग संशय कमी करायचा एकच मार्ग उरतो, निर्णयाची कारणं लिहायची. नीट लिहायची. आत्ता पुरस्काराबरोबर जे मानपत्राचं वाक्य येतं ते एकदोन ओळींचं असतं आणि त्यात भूमिका ताकदीने साकारली वगैरे असं काहीतरी असतं, जे वाक्य कुठल्याही नटाला कुठल्याही वर्षी चालेल.

उघडपणे बोलल्याने काय होतं याचं एक उदाहरण आहे आपल्याकडे. २०१७ च्या सिनेमांसाठी श्रीदेवीला 'मॉम'चा पुरस्कार जाहीर झाला, ती जाऊन दोन महिने पण झाले नव्हते. ज्युरीचे अध्यक्ष शेखर कपूर, 'मिस्टर इंडिया'चे दिग्दर्शक. त्यांनी पत्रकारांसमोर सांगून टाकलं की मी स्वतः या नावाच्या विरोधात होतो, ती गेली म्हणून देऊ नका, बाकीच्या मुलींवर तो अन्याय होईल असं मी सांगत होतो, पुन्हापुन्हा मतदान करायला लावलं आणि तरी तेच नाव येत राहिलं. आता तुम्हाला तो निर्णय पटो न पटो, पण आत काय झालं हे कळलं. सहानुभूतीचा प्रश्न कोणीतरी खोलीत विचारला होता हे कळलं. मला त्या दिवशी त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. हेच कागदावर, दोन पानांत, प्रत्येक अभिनयाच्या पुरस्कारासाठी का नसावं? कोणत्या तीनचार भूमिका शेवटपर्यंत राहिल्या, कोणत्या प्रसंगात हा नट बाकीच्यांच्या पुढे गेला, कोणाचं मत वेगळं पडलं. सरकारी पैशाने चालणारा पुरस्कार आहे, एवढं मागणं काही जास्त नाही.

बरेच लोक म्हणतात की पूर्वी असं नव्हतं, पूर्वी पुरस्कारांना किंमत होती. मी याच्याशी सहमत नाही. फिल्मफेअर सुरू झालं १९५४ मध्ये, पाचच बक्षिसं होती, टाइम्सच्या समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून त्यांना क्लेअर्स म्हणायचे. दिलीप कुमारला 'दाग'साठी, मीना कुमारीला 'बैजू बावरा'साठी. सुरुवात सुंदर होती यात वाद नाही. पण १९७३ मध्ये प्राण साहेबांनी 'बेइमान'साठी मिळालेला सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला, कारण संगीताचा पुरस्कार 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदांना न देता 'बेइमान'च्याच शंकर-जयकिशनना दिला होता. स्वतःच्याच सिनेमाला मिळालेलं बक्षीस चूक आहे म्हणून स्वतःचं नाकारायचं, असा माणूस आता शोधून सापडेल का? आणि पुढच्याच वर्षी ऋषी कपूरला 'बॉबी'साठी बेस्ट अ‍ॅक्टर मिळाला, समोर अमिताभचा 'जंजीर' होता, आणि २०१७ च्या आपल्या आत्मचरित्रात ऋषी कपूरने स्वतःच लिहिलं की त्या काळी तीस हजार रुपये देऊन आपण एक पुरस्कार विकत घेतला होता, त्याची आपल्याला लाज वाटते. म्हणजे जुना काळ काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९७५ च्या 'शोले'ला फिल्मफेअर किती? एक. एडिटिंगचा, आपल्या एम. एस. शिंदेंना. गब्बरला पण नाही आणि ठाकूरला पण नाही.

बदललं काय असेल तर प्रमाण. पूर्वी दोनतीन पुरस्कार होते, त्यांच्यावर भांडता तरी यायचं. आता प्रत्येक चॅनेलचा एक, प्रत्येक ओटीटीचा एक, आणि बेस्ट अ‍ॅक्टर, बेस्ट अ‍ॅक्टर क्रिटिक्स, बेस्ट अ‍ॅक्टर अमुक आणि बेस्ट अ‍ॅक्टर तमुक, चार तासांच्या टीव्ही शोमध्ये अर्धा वेळ नाच आणि मध्ये पटापट बाहुल्या वाटायच्या. आमिर खानने नव्वदच्या दशकातच जाणं बंद केलं. यावर मला फार लिहायचं नाही, तो मनोरंजनाचा कार्यक्रम आहे, त्याला तसंच बघावं. त्या मानाने मराठीतला 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण' मला जास्त प्रामाणिक वाटतो, नावातच सांगतात की फेव्हरेट कोण ते विचारतोय, प्रेक्षकांनी मत द्यायचं, उत्तम कोण याचा दावाच नाही.

आता भूमिकेकडे बघायचं म्हणजे काय करायचं, ते एका सीनवर सांगतो. 'अर्धसत्य', १९८३. ओम पुरी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, समोर ज्योत्स्ना म्हणजे स्मिता पाटील, दोघं हॉटेलात बसलेत. तिच्याकडच्या पुस्तकातली एक कविता तो मोठ्याने वाचायला लागतो, दिलीप चित्रे यांची. सुरुवातीला तो अगदी सहज वाचतो, जरा हलकंफुलकं, पोलीसवाला कविता वाचतोय याची त्याची त्यालाच मजा वाटतेय. मग एका ठिकाणी वेग कमी होतो. आवाज खाली येतो. ओळींमध्ये तो थांबायला लागतो आणि आपल्याला कळतं की हे शब्द आता त्याला लागू पडायला लागलेत, त्याला स्वतःला ते वाचता वाचताच कळतंय. त्याने ना आवाज चढवला ना चेहरा वाकडा केला. सिनेमाचा पुढचा सगळा भाग, त्याचं दारू पिणं, कोठडीतली मारहाण, शेवट, या सगळ्याचं बी त्या दीडदोन मिनिटांत पेरलेलं आहे. मी जर ज्युरीत असतो तर मी फक्त हा सीन लिहून दिला असता.

त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार ओम पुरीला मिळालाच. फिल्मफेअरने 'अर्धसत्य'ला बेस्ट फिल्म दिलं, गोविंद निहलानींना दिग्दर्शनाचं दिलं, रामा शेट्टी करणाऱ्या आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांना सहाय्यक अभिनेत्याचं दिलं, आणि बेस्ट अ‍ॅक्टर दिला नसीरुद्दीन शाहला, 'मासूम'साठी. यात मला अन्याय दिसत नाही. 'मासूम'मधला तो अपराधी बाप पण तेवढाच बारीक विणलेला आहे. अमरापूरकरांचं तर मला विशेष वाटतं, रामा शेट्टीला सीन मोजकेच, आणि त्यात हा माणूस ओरडत नाही, शांतपणे बोलतो आणि समोरच्याचा श्वास कोंडतो. त्यांना हिंदीत तेव्हा कोणी ओळखत नव्हतं. मोठं नाव नसलेल्या माणसाची छोटी भूमिका ओळखून तिला बक्षीस देणं हे मला कुठल्याही स्टारला दिलेल्या बक्षिसापेक्षा मोठं काम वाटतं, पुरस्कार त्यासाठीच असावेत.

सहाय्यकवरून आठवलं. लीड कोण आणि सपोर्टिंग कोण हे ठरवण्यात जेवढा घोळ होतो तेवढा कशातच होत नाही. १९५७ च्या फिल्मफेअरला वैजयंतीमालाने 'देवदास'च्या चंद्रमुखीसाठीचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार घ्यायला नकार दिला, तिचं म्हणणं होतं की माझी भूमिका सुचित्रा सेनच्या पारोच्या बरोबरीची आहे. आणि २०२५ मध्ये मल्याळमच्या उर्वशी, 'उळ्ळोळुक्कु'साठी सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर जाहीरपणे विचारतात की ही भूमिका सहाय्यक कशी, कोणत्या निकषावर ठरवलं? अडुसष्ट वर्षं झाली, प्रश्न तोच. सिनेमा सासू आणि सून अशा दोघींवर उभा आहे, आणि वय जास्त असलेल्या बाईला आपोआप सहाय्यकच्या रांगेत उभं केलं जातं, हे आपण किती वेळा बघितलंय. पुरुषांच्या बाबतीत साठीतला हिरो लीडच असतो. कारण लिहायची सक्ती असती तर ज्युरीला हे लिहून दाखवावं लागलं असतं की कथा कोणाची आहे आणि निर्णय कोण घेतं, आणि लिहिताना कदाचित त्यांचंच मत बदललं असतं.

मराठीचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. राष्ट्रीय पुरस्कारांचा पहिला सर्वोत्कृष्ट चित्रपट 'श्यामची आई', हे आपण अभिमानाने सांगतो. पण मराठी सिनेमातल्या भूमिकेसाठी बेस्ट अ‍ॅक्टर पहिल्यांदा कधी मिळाला? २००८ च्या सिनेमांसाठी, उपेंद्र लिमयेला, 'जोगवा'. म्हणजे अभिनयाचे पुरस्कार सुरू झाल्यावर एकेचाळीस वर्षांनी. नाना पाटेकरला 'क्रांतिवीर'साठी मिळाला पण तो हिंदी सिनेमा. स्मिता पाटीलला दोनदा मिळाला, 'भूमिका' आणि 'चक्र', दोन्ही हिंदी, त्यातला 'भूमिका' तर आपल्या हंसा वाडकरांच्या आयुष्यावर. या एकेचाळीस वर्षांत डॉ. लागूंचा 'पिंजरा' झाला, 'सामना' झाला, 'सिंहासन' झाला. 'सामना'तला निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा, कुठेही खलनायकासारखा वागत नाही, मास्तरला प्रेमाने खाऊपिऊ घालतो, आणि प्रत्येक गोड शब्दामागे दरारा. समोर लागूंचा तो दारुडा मास्तर. दोन नट एकमेकांना एक इंच जागा देत नाहीत. सिनेमाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण या दोघांपैकी कोणालाच अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार आयुष्यात कधी मिळाला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग अचानक पाच वर्षांचा बहर आला. लिमये, मग २०१० ला 'बाबू बँड बाजा'साठी मिताली जगताप, २०११ ला 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी, २०१२ ला 'अनुमती'साठी विक्रम गोखले, इरफानबरोबर विभागून, आणि त्याच वर्षी 'धग'साठी उषा जाधव. यातला एकही जण हिंदीतला सुपरस्टार नाही, आणि सगळ्या भूमिका गरीब, अडलेल्या किंवा साध्या माणसांच्या. मी त्या वर्षांमध्ये राष्ट्रीय पुरस्कारांवर जेवढा विश्वास ठेवला तेवढा आधी किंवा नंतर ठेवला नाही. तरी एक खंत आहेच. 'जोगवा'ला अभिनेता, संगीत, गायक, गायिका सगळं मिळालं आणि मुक्ता बर्वेची सुली राहिली. अभिनेत्रीचा पुरस्कार प्रियांका चोप्राला 'फॅशन'साठी गेला. लिमयेच्या तायप्पाला लुगडं नेसवल्यावर त्याची जी घुसमट होते ती आपल्याला दिसते कारण तिला समजून घेणारी सुली समोर आहे, तिच्या नजरेतून आपण त्याला बघतो. निम्मी भूमिका ऐकणाऱ्याची असते. ऐकणाऱ्याला बक्षीस क्वचितच मिळतं.

मराठीला उशीर का झाला याचं एक कारण मला भाषेत दिसतं, भाषा म्हणजे मराठी-हिंदी असं नाही तर बोली. ज्युरीतले बहुतेक लोक सबटायटल वाचत सिनेमा बघतात, दुसरा इलाजच नाही एवढ्या भाषांच्या देशात. पण 'देऊळ'मधला गिरीश कुलकर्णीचा केश्या ज्या हेलात बोलतो, वाक्य अर्धं गिळून पुन्हा पकडतो, ते सबटायटलमध्ये कुठून येणार? खाली फक्त अर्थ येतो. हीच गोष्ट आपण मल्याळम किंवा आसामी सिनेमा बघतो तेव्हा आपल्याला पण लागू आहे. म्हणून प्रादेशिक समित्यांचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांनी सिनेमा पुढे पाठवताना नटाच्या बोलण्याबद्दल एक टिपण द्यावं, की हा माणूस या भागातली बोली बोलतोय आणि ती त्याने कशी पकडलीय.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर हे पण. 'अग्निपथ' आला तेव्हा अमिताभने लावलेला तो घोगरा आवाज लोकांना इतका परका वाटला की थिएटरची साउंड सिस्टिम बिघडलीय असं वाटून तक्रारी झाल्या आणि नंतर आवाज पुन्हा डब करावा लागला. तरी त्या भूमिकेला ज्युरीने पुरस्कार दिला, मला ते धाडसी वाटतं. उलट १९९९ च्या 'बारीवाली'साठी किरण खेरना पुरस्कार मिळाला तेव्हा पडद्यावरचा आवाज आपला आहे असा दावा बंगाली अभिनेत्री रीता कोयराल यांनी केला आणि मोठा वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे, आवाज दुसऱ्याचा असेल तर बेस्ट अ‍ॅक्टर किंवा अ‍ॅक्ट्रेस देऊ नये. मघाशी सांगितलेल्या ओम पुरीच्या सीनमधून आवाज काढून टाका, काय उरेल?

ऑस्करचं एक चांगलं आहे ते घ्यावं. २०२५ मध्ये त्यांनी नियम केला की ज्या विभागात मत द्यायचंय त्यातले नामांकन मिळालेले सगळे सिनेमे बघितल्याशिवाय शेवटच्या फेरीत मत देता येणार नाही. इतकी वर्षं न बघता मत देता येत होतं हे ऐकून धक्का बसतो, पण निदान आता केला. आपल्या राष्ट्रीय पुरस्काराची ज्युरी तरी एकत्र बसून सिनेमे बघते, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. बाकीच्या खासगी पुरस्कारांना हा नियम लावा आणि बघा किती नावं बदलतात.

शेवटचा मुद्दा विनोदी कामाचा, आणि हा माझ्या सगळ्यात जवळचा आहे. रडणं, आजारपण, अपंगत्व, वजन वाढवणं-कमी करणं, खऱ्या माणसाचा बायोपिक, यांना बक्षीस पटकन मिळतं कारण मेहनत डोळ्यांना दिसते. दिसणारी मेहनत वाईट असते असं नाही, सई परांजपेंच्या 'स्पर्श'मधला नसीरचा अंध मुख्याध्यापक बघा, अंधत्वाचं कुठे प्रदर्शन मांडलेलं नाही, त्या माणसाचा हट्टी स्वाभिमान आधी दिसतो आणि अंधत्व नंतर. पण विनोदातली मेहनत दिसली की विनोदच मरतो, त्यामुळे तिथे नटाला ती लपवावीच लागते, आणि लपवली की ज्युरीला वाटतं यात काय केलंय. 'हम तुम'वरच्या वादात पण मला हे खटकलं होतं. आई अध्यक्ष आहे हा आक्षेप एक वेळ समजू शकतो, पण रोमँटिक कॉमेडीला राष्ट्रीय पुरस्कार मिळूच कसा शकतो हा आक्षेप मला अजिबात मान्य नाही.

'अशी ही बनवाबनवी'मधला तो सीन घ्या, अशोक सराफ घरमालकाला औषधाच्या सत्तर रुपयांचा हिशोब देतो तो. महाराष्ट्रात पाठ नाही असा माणूस सापडणार नाही. पण एकदा आवाज बंद करून बघा. धनंजयच्या चेहऱ्यावर हसण्याचा लवलेश नाही, खरोखर कोणीतरी गेल्याचं दुःख आहे, सुधीर जोशी चिडत जातात तसतसा हा अजून गंभीर होत जातो, आणि पुढचं वाक्य टाकायच्या आधी तो जेवढा थांबतो त्यापेक्षा एक श्वास जास्त थांबला असता तरी हशा गेला असता. हे टायमिंग जगातल्या कुठल्याही नटाला अवघड आहे. मामांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, दोन्हीचा प्रचंड आनंद झाला, पण हे दोन्ही मान कारकिर्दीचे. राष्ट्रीय पुरस्कारात अभिनयासाठी त्यांचं नाव कधीच आलं नाही, लक्ष्याचं पण नाही. फिल्मफेअरमध्ये १९६७ ते २००७ विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार होता, पण मला तो वेगळा कप्पा पण नको आहे, कारण कप्पा केला की मुख्य यादीतून बाहेर काढायला निमित्त मिळतं. मेहमूद, उत्पल दत्त, परेश रावल यांना त्या कप्प्यात बक्षिसं मिळाली, आणि 'गोलमाल'मधल्या उत्पल दत्तच्या भवानीशंकरपेक्षा त्या वर्षी हिंदीत कोणी मोठं काम केलं होतं असं मला तरी वाटत नाही. त्याला मुख्य यादीत बसवा आणि बाकीच्यांशी सरळ तोलून बघा.